राइझरवरची पाटी

गोदामात उभं राहून वर पाहिलं की स्प्रिंकलरची यंत्रणा सगळी उघड्यावरच दिसते. लाल पाइप, त्यांना ठरावीक अंतरावर लावलेले स्प्रिंकलर, प्रत्येकात लाल द्रवाची काचेची कुपी. 68 अंश सेल्सिअसला ती फुटते आणि पाणी सुटतं. ज्या कुपीला धग लागते तेवढाच स्प्रिंकलर उघडतो, सगळे एकदम नाही. पण पाणी किती पडेल आणि ते कसल्या मालाला पुरेल, हे नुसत्या पाइपांकडे बघून मुरलेल्या फिटरलाही सांगता येत नाही. ते सांगते राइझरवरच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या उभ्या मुख्य पाइपवरच्या, अलार्म व्हॉल्व्हला अडकवलेली हायड्रॉलिक माहितीची पाटी.

आपल्याकडे स्प्रिंकलरसाठी आयएस 15105 हे भारतीय मानक आहे. भिवंडीच्या पट्ट्यातली अनेक मोठी गोदामं मात्र एनएफपीए 13 या अमेरिकी मानकाप्रमाणे बांधली जातात. पाटी धातूची किंवा टणक प्लास्टिकची, ऊनपावसात टिकणारी असावी आणि न गंजणाऱ्या तारेने किंवा साखळीने पक्की बांधावी, असं ते मानक सांगतं. अशाच एका गोदामात पाटी चढवायचं काम मी जवळून पाहिलं. स्टीलच्या पत्र्यावर अक्षरं कोरलेली होती. फिटर एकेक ओळ मोठ्याने वाचत होता आणि इंजिनिअर हातातल्या हिशेबाच्या कागदाशी आकडा ताडून खूण करत होता. सगळ्या खुणा झाल्यावरच तार आवळली गेली.

पहिली ओळ जागेची : हिशेब गोदामाच्या कुठल्या भागासाठी केला आहे. पाणी पोचवायला जो भाग सगळ्यात अवघड, बहुतेक वेळा पंपापासून सगळ्यात लांबचा, तोच धरतात. दुसरी ओळ : 139 चौरस मीटरवर मिनिटाला 8.1 मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला 8.1 लिटर पाणी. एक स्प्रिंकलर 12 चौरस मीटर सांभाळत असेल, तर टोकाच्या स्प्रिंकलरमधूनही मिनिटाला 97 लिटर यायला हवेत. 80 के-फॅक्टरच्या (ठरावीक दाबाला किती पाणी सुटतं ते सांगणारा आकडा) स्प्रिंकलरला त्यासाठी साधारण दीड बार दाब लागतो. पंपाकडच्या बाजूच्या स्प्रिंकलरना दाब जास्त मिळतो, ते गरजेपेक्षा जास्त पाणी ओततात. तेही हिशेबात धरावं लागतं. पाइपांतल्या घर्षणात आणि उंचीपायी जाणारा दाब मिळवला, की राइझरच्या तळाशी किती पाणी किती दाबाने हवं ते निघतं. पाटीवर तोही आकडा असतो. शिवाय अग्निशमन दलाच्या होजसाठी राखलेलं पाणी आणि काम करणाऱ्या ठेकेदाराचं नाव.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मालाची ओळ : मालाचा वर्ग, रचण्याची पद्धत आणि जास्तीत जास्त उंची. इमारत तीच राहते, भाडेकरू बदलतात. कागदी खोक्यांतल्या साबणाच्या जागी फोमच्या गाद्या येतात, रॅकवर आणखी दोन मजले चढतात. फोम फार वेगाने आणि फार प्रखर जळतो. खोक्यांसाठी मोजलेलं पाणी त्याला पुरत नाही. नुसता पंपाचा दाब वाढवूनही भागत नाही. स्प्रिंकलरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाने वाढतं. त्याच स्प्रिंकलरमधून दुप्पट पाणी हवं असेल तर दाब चौपट लागतो; म्हणजे पाइप, पंप, टाकी, सगळंच नव्याने मोजायला हवं. पाटी जागेवर असेल तर ही तफावत कोणाच्याही लक्षात येते. रंगकामात ती पुसली गेली किंवा तार तुटून हरवली, तर पुढच्या तपासनिसाला जुने नकाशे शोधत बसावं लागतं, आणि ते बहुधा सापडत नाहीत.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्यावर सही करणाऱ्या परवानाधारक एजन्सीने पंप चालवून बघावाच, पण पाटी वाचून समोरच्या रॅकची उंचीही मोजावी. आणि गोदाम भाड्याने घेणाऱ्यांनी करार करण्याआधी मालकाकडे या पाटीचा फोटो मागावा. तुमचा माल तिच्यात बसत नसेल, तर हिशेब नव्याने करून घेतल्याशिवाय एकही खोकं आत ठेवू नका.