'मस्ट वॉच' लिहिण्याआधी

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. आजचा विषय साधा आहे: कुणाला सिनेमा सुचवायचा तर कसा?

मी बोईसरचा. रोज डहाणू लोकलने मुंबईला नोकरीला जातो. जागा मिळाली तर विरार येईपर्यंत मोबाईलवर अर्धा सिनेमा होतो. त्यामुळे शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर 'आज काय बघू?' हा प्रश्न माझ्याकडेच येतो. मलाही सांगायला आवडतं, खोटं कशाला बोलू!

मागच्या पावसाळ्यात पालघरच्या एका मित्राने विचारलं. तो तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, रविवारी घरीच होता. 'सगळ्यांनी मिळून बघता येईल असं सांग.' मी लिहिलं, 'किल्ला. कोकण, पाऊस, शाळकरी पोरांची धमाल. मस्ट वॉच!' वर तीन आगीचे इमोजी.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, 'अरे, निदान सांगायचंस तरी.'

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१५ मध्ये थिएटरला लागला. त्याआधी २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. गोष्ट अकरा वर्षांच्या चिन्मयची आहे. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झालीये. आणि माझ्या मित्राचे वडील जाऊन तेव्हा आठच महिने झाले होते. मी स्वतः अंत्ययात्रेला गेलो होतो! त्याचा धाकटा भाऊ सिनेमा अर्ध्यावर सोडून गच्चीवर गेला.

मी लिहिलेलं सगळं खरं होतं. फक्त त्या घराला जे कळायला हवं होतं, तेच त्यात नव्हतं.

मग वाटलं, हे काम अ‍ॅपवर सोडलेलं काय वाईट? तर थोडं आतलं सांगतो. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने एक स्पर्धा लावली. आमची शिफारस पद्धत १० टक्क्यांनी अचूक करून दाखवा, १० लाख डॉलर घ्या. त्यासाठी सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० सिनेमांना दिलेले स्टार त्यांनी नावं काढून खुले केले. आता डोळ्यांसमोर एक एक्सेल शीट आणा. आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात सिनेमा. चौकटी होतात साधारण ८५३ कोटी. भरलेल्या किती? सुमारे १० कोटी. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ९९ चौकटी रिकाम्या!

शिफारस करणारं मशीन मुख्यतः हेच करतं, रिकाम्या चौकटीत काय आलं असतं याचा अंदाज. तुमच्यासारखे स्टार देणारे लोक शोधायचे, त्यांना जे आवडलं ते तुमच्यापुढे ठेवायचं. हा १० टक्क्यांचा टप्पा गाठायला जगभरच्या टीम्सना जवळपास तीन वर्षं लागली. बक्षीस दिलं गेलं २००९ मध्ये. दोन टीम्सचा निकाल सारखाच आला आणि २० मिनिटं आधी उत्तर पाठवणारी टीम जिंकली. गंमत म्हणजे जिंकलेली ती पूर्ण पद्धत नेटफ्लिक्सने कधी वापरलीच नाही. सुधारणेच्या मानाने ती बसवण्याचा खटाटोप फार होता.

यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, कमी लोकांनी पाहिलेल्या सिनेमाच्या चौकटी कमी भरतात, त्यामुळे मशीनचा अंदाज तिथे कच्चा राहतो. छोट्या मराठी सिनेमांचं हेच होतं. तिथे तुमच्या-माझ्या सांगण्याला खरी किंमत आहे. दुसरी, 'या घरात नुकतंच कुणी गेलंय' असा रकाना त्या शीटमध्ये नव्हता. ते मला ठाऊक होतं. तरी मी मशीनसारखाच वागलो. मला आवडलं, म्हणजे तुलाही आवडेल.

काही दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. काकू म्हणाल्या, "सिनेमा चांगला होता रे. पण आधी माहीत असतं, तर धाकट्याच्या शेजारी बसले असते."

तेव्हापासून मी आधी विचारतो, कोण कोण बघणार आहे? मग स्टार न देता तीन गोष्टी लिहितो: सिनेमाची चाल कशी आहे, कुणाबरोबर बघावा आणि कुठे टोचू शकतो. उदाहरणार्थ, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. नुसतं 'कोर्ट ड्रामा' म्हणालात, तर समोरचा टाळ्यांच्या डायलॉगची वाट बघत बसेल. त्यापेक्षा सांगा, 'संथ आहे. एका लोकशाहिरावरचा खटला तारखांमागून तारखा चालतो. निवांत असशील तेव्हाच लाव.'

मग सस्पेन्स फुटतो का? शेवट सांगितला तर फुटतो. 'किल्ला'मध्ये चिन्मयचे वडील नाहीत, हे काही शेवटचं रहस्य नाही, गोष्ट तिथूनच सुरू होते. ते सांगितल्याने सिनेमाचं काही बिघडत नाही.

आज तोच मेसेज मी असा लिहीन: 'किल्ला. कोकण, पाऊस, पोरांची दोस्ती. पण मुलाचे वडील गेलेले आहेत. आधी तू एकट्याने बघ, मग घरच्यांचं ठरव.'

टाईप करायला अर्धा मिनिट जास्त लागतं. तुम्ही शेवटचा सिनेमा कुणाला सुचवला होता? तो मेसेज एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!