निदान रेषेपर्यंत बोल्ट कितीसा पुढे?

भिवंडी तालुक्यातल्या गावांत कबड्डीचे सामने रंगले की मैदानाच्या कडेला एक वाद ठरलेला असतो. चढाईपटू तिघांच्या तावडीतून निसटून मध्यरेषेला हात लावतो आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडतं, "याला शंभर मीटरला पळवा, कुणाला सापडणार नाही!" शेजारचा लगेच त्याला उसेन बोल्टची आठवण करून देतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, कारण दोघांच्या मनातला वेग एकच नसतो.

हा वाद अमेरिकेत कितीतरी वर्षं चालू आहे. तिथे कबड्डीच्या जागी अमेरिकन फुटबॉल आहे. हा खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा रग्बीला जवळचा. शिरस्त्राण आणि खांद्यावर जाड कवच घालून, चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी पाडायचं. या खेळातले सर्वांत चपळ गडी ऑलिंपिकच्या धावपटूंना मागे टाकतील का, या प्रश्नावर तिथे तावातावाने बोललं जातं. पण अमेरिकनांनी त्यासाठी एक मोजमापही ठरवलं आहे. व्यावसायिक संघात जाऊ पाहणाऱ्या तरुणांची दरवर्षी चाचणी होते आणि तीत ४० यार्डांची धाव घड्याळावर मोजली जाते. ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. २०१७ मध्ये जॉन रॉसने हे अंतर ४.२२ सेकंदांत कापलं. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीने ४.२१ सेकंदांची नोंद करून त्याला मागे टाकलं.

आता बोल्टकडे येऊ. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये त्याने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. या शर्यतीचं टप्प्याटप्प्याचं मोजमाप उपलब्ध आहे आणि ते पाहिल्यावर 'वेग' या शब्दाबद्दलची आपली समजूतच बदलते. पहिल्या १० मीटरना त्याला १.८९ सेकंद लागले. पुढच्या १० मीटरना एक सेकंदाहून किंचित कमी. ६० ते ८० मीटर हा २० मीटरचा टप्पा मात्र त्याने १.६१ सेकंदांत ओलांडला, म्हणजे दर १० मीटरना जेमतेम ०.८ सेकंद. ताशी जवळपास ४५ किलोमीटरचा तो जगप्रसिद्ध वेग इथला आहे. सुरुवातीच्या १० मीटरमध्ये जगातल्या सर्वांत वेगवान माणसालाही दुपटीहून जास्त वेळ लागला होता.

याच शर्यतीतून ३६.५८ मीटरपर्यंतचा वेळ काढला तर तो साधारण ४.३५ सेकंद येतो. म्हणजे वर्दी बोल्टपेक्षा वेगवान? तसं नाही. १०० मीटरच्या शर्यतीत घड्याळ बंदुकीच्या बारासोबत सुरू होतं आणि धावपटूच्या कानांपासून पायांपर्यंत हुकूम पोचेपर्यंतचा काळही त्यात धरला जातो. बर्लिनमध्ये बोल्टचा हा काळ ०.१४६ सेकंद होता. अमेरिकन चाचणीत खेळाडू स्वतःच्या मनाने निघतो आणि तो हलला की घड्याळ सुरू होतं. बोल्टच्या वेळेतून ०.१४६ वजा केले की उरतात सुमारे ४.२० सेकंद. पायाला आधार देणारे स्टार्टिंग ब्लॉक आणि खिळ्यांचे बूट त्याच्याकडे होते, हे लक्षात घेतलं तर ३५-४० मीटरपर्यंत अमेरिकन फुटबॉलमधला अव्वल गडी आणि बोल्ट यांच्यात फारसं अंतर राहत नाही. निवृत्तीनंतर, २०१९ मध्ये अटलांटात बोल्टने साध्या बुटांत आणि ट्रॅकसूटमध्ये हीच ४० यार्डांची धाव अनौपचारिकपणे मारली, तेव्हाही वेळ ४.२२ सेकंदच लागला. ६० मीटरच्या बंदिस्त शर्यतीत ६.३४ सेकंदांचा विश्वविक्रम करणाऱ्या ख्रिश्चन कोलमनने मात्र २०१७ मध्ये कृत्रिम गवतावर ४.१२ सेकंदांची धाव मारली होती. जातिवंत धावपटू, तोही सुरुवातीला जोरदार निघणारा, छोट्या अंतरातही पुढेच राहतो. पण तो पुढे असतो तो फुटांच्या हिशेबात.

खरा फरक पुढे पडतो. डीके मेटकाफ हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. उंची सव्वासहा फुटांच्या वर, वजन शंभर किलोहून जास्त, असा हा गडी. २०१९ च्या चाचणीत त्याने ४० यार्ड ४.३३ सेकंदांत कापले होते. मे २०२१ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत खऱ्याखुऱ्या धावपटूंसोबत १०० मीटरला उतरला. वेळ लागला १०.३६ सेकंद आणि आपल्या फेरीत तो शेवटचा आला. बोल्टच्या हिशेबाने पाहिलं तर ४० यार्डांवर तो फक्त ०.१३ सेकंद मागे होता; १०० मीटरवर तेच अंतर ०.७८ सेकंद झालं. बहुतेक पिछाडी उरलेल्या ६३ मीटरमध्ये पडली.

तरीही मेटकाफला कमी लेखायचं कारण नाही. त्या वेळी भारताचा १०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम १०.२६ सेकंद होता, अमिया मलिकच्या नावावर. म्हणजे आयुष्य दुसऱ्याच खेळात घालवलेला हा धिप्पाड माणूस आपल्या राष्ट्रीय विक्रमापासून ०.१० सेकंदावर होता. त्यानंतर आपले धावपटू बरेच पुढे गेले. जुलै २०२५ मध्ये अनिमेष कुजूरने ग्रीसमध्ये १०.१८ सेकंदांची धाव मारून राष्ट्रीय विक्रम केला.

असं का होतं? पहिल्या काही पावलांत शरीर पुढे झुकलेलं असतं, पाय जमिनीवर तुलनेने जास्त वेळ टेकतो आणि जमीन मागे रेटायला सवड मिळते. मांड्या आणि पार्श्वभागाची ताकद इथे कामाला येते, म्हणून वजनदार गडीही या टप्प्यात मार खात नाही. वेग वाढला की चित्र बदलतं. पूर्ण वेगात पाऊल जमिनीला एक दशांश सेकंदाहूनही कमी काळ लागतं आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर जमिनीत उतरवावा लागतो. तो जोर उतरवण्याचं कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येतं, आणि अंगावरचा प्रत्येक जादा किलो तिथे आडवा येतो. चांगला धावपटू ६० मीटरपर्यंत वेग वाढवत राहतो. मैदानी खेळाडूची चढती कमान त्याआधीच संपते.

आता भिवंडीच्या मैदानावर परत यायला हरकत नाही. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, बोनस रेषा त्याच्या पुढे एक मीटर, आणि अंतिम रेषा मध्यरेषेपासून साडेसहा मीटर. चढाईपटूचं सगळं राज्य एवढंच. बोल्टचा ताशी ४५ किलोमीटरचा वेग जिथे सुरू होतो, तिथवर जायला कबड्डीची पाच मैदानं एकापुढे एक मांडावी लागतील.

बोनस घेणाऱ्या चढाईपटूचे पाय जवळून पाहावेत. समोर सहा किंवा सात गडी आहेत, म्हणून बोनस मिळू शकतो. तो आडवा सरकत कोपऱ्याकडे जातो. सगळा भार मागच्या पायाच्या चवड्यावर, टाच अधांतरी, कंबर मागे. पुढचा पाय लांबवून तो बोनस रेषेपलीकडे टेकवतो आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत उचलतो, कारण त्याशिवाय गुण नाही. म्हणजे ज्या घडीला कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेप घेणार, त्याच घडीला त्याचं अख्खं शरीर एका पायावर आणि तेही चुकीच्या दिशेला झुकलेलं असतं. तिथून त्याला परत फिरायचं आहे. मागावरचा धोटा जसा टोकाला जाऊन थबकतो आणि आल्या वाटेने उलटा सुटतो, तसा हा गडी थबकतो आणि सुटतो.

हे थबकणं धावपटूला कधी शिकवलेलंच नसतं. १०० मीटरचा धावपटू अंतिम रेषा ओलांडल्यावर थांबायला आणखी बरेच मीटर घेतो, कारण वेग मोडणं हा त्याच्या शर्यतीचा भागच नाही. चढाईपटूच्या गुडघ्यांवर आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर मात्र हा ताण एका चढाईत अनेकदा येतो. कबड्डीत गुडघ्याचे अस्थिबंध फाटण्याच्या दुखापती इतक्या का दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. वजनाचीही मर्यादा आहे. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलो. म्हणून मेटकाफसारखा गडी कबड्डीत दिसणार नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातला अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पाहिला तर नेमकं हेच दिसतं. अंगापेरानं आटोपशीर, पण दिशा बदलण्यात विलक्षण.

खो-खोची गोष्ट आणखी वेगळी, आणि वेगाच्या दृष्टीने अधिक श्रीमंत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांच्या सामन्यात ५४-३६ असं. दोन्ही संघांचं नेतृत्व महाराष्ट्राकडे होतं, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्याच महिला संघातली रेश्मा राठोड आपल्या ठाणे जिल्ह्यातली, बदलापूरची.

खो-खोत आक्रमण करणाऱ्या नऊपैकी आठ गडी मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसतात. पाठीवर हात पडतो, 'खो' ऐकू येतो आणि बसल्या जागेवरून गडी सुटतो. ही बैठक आणि ब्लॉकमधली धावपटूची बैठक यांत नातं आहे. गुडघे दुमडलेले, भार पुढे, पहिलं पाऊल ढकलून टाकलेलं. फरक असा की खो मिळालेल्या गड्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. संरक्षकाला दोन्ही मोकळं. म्हणून आक्रमण करणारा संघ पळणं नऊ जणांत वाटून घेतो. एकाने दोन-चार पावलं टाकायची, खो द्यायचा, ताज्या पायांच्या दुसऱ्याने सुटायचं. संरक्षकाला मात्र ही सोय नाही; तो दोन-दोन मिनिटं नागमोडी पळतो, हुलकावण्या देतो. त्याला पूर्ण वेगात पळायची संधी क्वचितच मिळते, पण पहिल्या पाच मीटरचा वेग त्याला सतत नव्याने मिळवावा लागतो.

मग सरळ प्रश्न: पाच मीटरवर कोण जिंकेल? सरळ रेषेत अव्वल धावपटू तिथेही हरेल असं वाटत नाही, मात्र त्याची आघाडी हातभराची असेल. पाच मीटर जाऊन, रेषेला पाय लावून, पाच मीटर परत यायचं असेल तर पैज चांगल्या चढाईपटूवरच लावावी.

नुसता वेग पुरत नाही, याचे दाखलेही अमेरिकेतच आहेत. बॉब हेसने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि नंतर डॅलस काउबॉइज संघातून अमेरिकन फुटबॉल गाजवला. त्याला एकट्याने अडवणं अशक्य झालं, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांना माणसाऐवजी जागा राखण्याची पद्धत वापरावी लागली. याउलट १९६८ मध्ये मेक्सिकोत ९.९५ सेकंदांत सुवर्ण जिंकणारा जिम हाइन्स. तोही फुटबॉलमध्ये गेला, पण चेंडू झेलणं त्याला जमलं नाही आणि मोजक्या सामन्यांत कारकीर्द संपली.

भिवंडीतल्या शेकडो मुलांसाठी हा विषय करमणुकीचा नाही. पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १०० मीटर धावण्याला १५ गुण आहेत आणि पुरुष उमेदवाराला ते सगळे हवे असतील तर ११.५० सेकंदांच्या आत यावं लागतं. गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरची वर्दळ वाढण्याआधी, पहाटे रस्त्याकडेला पळणारी मुलं याच आकड्यामागे असतात. त्यांत कबड्डी-खो-खो खेळलेली मुलं बरीच असतात आणि त्यांची एक तक्रार नेहमीची: "सर, सुरुवातीला मीच पुढे असतो, शेवटी सगळे गाठतात." ही मेटकाफचीच तक्रार आहे आणि तिला उपाय आहे. अशा मुलाला पुन्हा पुन्हा सुरुवातीचा सराव देऊन फायदा कमी. हळूहळू वेग घेत, मग २०-३० मीटर पूर्ण वेगात, अंग ताठ आणि खांदे सैल ठेवून पळण्याचा सराव त्याला लागतो, दोन धावांमध्ये भरपूर विश्रांती घेऊन. उलट, जो मुलगा ट्रॅकवर चांगला पळतो पण चढाईत अडकतो, त्याला थांबायला आणि वळायला शिकवावं लागेल, गुडघ्यांची ताकद आधी वाढवून.

यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारी संथ चित्रफितीची सोय असते. तिच्यावर सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्यापर्यंत वेळ मोजता येतो. मैदानावर फक्कीने पाच, दहा, वीस आणि तीस मीटरच्या रेषा आखाव्यात, मोबाइल तिकाटण्यावर स्थिर ठेवावा, प्रत्येक खेळाडूच्या या चार वेळा आणि पाच मीटर जाऊन परत येण्याची एक वेळ वहीत लिहावी, आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजावं. भिवंडी परिसरातल्या शाळांनी, कबड्डी-खो-खोच्या मंडळांनी आणि भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांनी येत्या हंगामापासून ही वही ठेवायला सुरुवात करावी. मुलींच्या नोंदी तर आवर्जून ठेवाव्यात. ज्या मुलीचे तीस मीटर बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे सरस निघतील, तिला खो-खो न सोडता एकदा ट्रॅकवर घेऊन जावं.