बाटली ‘५३-एन’ आणि लशींवरचा विश्वास

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस मुंबईच्या परळ प्रयोगशाळेतून आली होती आणि त्या दिवशी तिच्या पाच बाटल्या उघडल्या गेल्या. पैकी ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. त्यांतला एकही वाचला नाही. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचून घेतलेल्यांना ती बाधा झाली नाही. ही लस वाल्डेमार हाफकिन यांची. १८९६मध्ये मुंबईत प्लेग उसळला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काम सुरू केले, १० जानेवारी १८९७ रोजी लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची परीक्षा केली. मुलकोवालनंतर मात्र त्यांना पदावरून दूर करण्यात आले. कार्बोलिक आम्ल न घालता त्यांनी उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भिस्त ठेवली, हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका. पुराव्याचा कल मात्र दुसरीकडे होता. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. बाटलीत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर ती उघडताच दुर्गंधी सुटली असती. तशी नोंद कुठेच नव्हती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये हे जाहीरपणे मांडले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. परळची संस्था १९२५पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या प्रकरणात मृत्यू खरे होते, टोचणीशी त्यांचा संबंधही खरा होता आणि तरीही लशीचे सूत्र निर्दोष होते. अशा गुंत्यासाठीच जागतिक आरोग्य संघटना लसीकरणानंतरच्या अनिष्ट घटनांचे पाच गट करते: लशीच्या अंगभूत गुणामुळे झालेला अपाय, उत्पादनातला दोष, टोचताना झालेली चूक, सुईच्या धास्तीने आलेली भोवळ किंवा घबराट आणि निव्वळ योगायोग. मुलकोवाल तिसऱ्या गटात मोडते. १९५५मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीत जिवंत विषाणू राहून गेले. सुमारे दोनशे जणांना पक्षाघात झाला आणि दहा जण दगावले. तो दुसरा गट. गट ठरल्याशिवाय उपाय ठरत नाही, कारण एकात सूत्र बदलावे लागते, दुसऱ्यात कारखान्याची तपासणी कडक करावी लागते, तिसऱ्यात परिचारिकेचे प्रशिक्षण सुधारावे लागते. कधीच कुणाला अपाय होत नाही, या अर्थाने एकही लस सुरक्षित नाही. अपाय शोधणारी यंत्रणा जितकी चौकस आणि निर्भीड, तितकेच ‘लस सुरक्षित आहे’ हे विधान भक्कम, असे माझे म्हणणे आहे.

या शोधात पहिला साक्षीदार म्हणजे आपली प्रतिकारशक्ती. लस टोचली की शरीराची पहिली फळी तासाभरात जागी होते. तिच्या रासायनिक संदेशांमुळे दंड दुखतो, अंग मोडून येते, ताप चढतो. विशिष्ट प्रतिपिंडे आणि स्मृतिपेशी तयार व्हायला पुढे एक-दोन आठवडे लागतात. म्हणून डांग्या खोकल्याच्या मृत जंतूंची लस असलेल्या पेंटाव्हॅलंट या एकत्रित लशीचा ताप त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो. गोवराच्या लशीतला दुर्बळ विषाणू आधी शरीरात वाढतो, त्यामुळे तिचा ताप साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी दिसतो. हे वेळापत्रक ठाऊक असले की संशयाची छाननी करता येते: गोवराच्या लशीनंतर दोन तासांत चढलेल्या तापाचे कारण बहुधा वेगळेच असते. ‘ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही’ हा समजही टिकत नाही. कसलाही त्रास न झालेल्या असंख्य लोकांतही भरपूर प्रतिपिंडे आढळतात.

दुसरा साक्षीदार गणित. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात दर हजार जन्मांमागे २८ बालके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक जन्म धरले तर ही संख्या सहा लाखांच्या वर, म्हणजे रोज दीड हजारांहून जास्त होते. याच वर्षात बाळाला जन्मतः, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात व पुढे नवव्या महिन्यात डोस मिळतात. लशींनी कुणालाही काही केले नाही तरी काही मृत्यू डोसानंतरच्या दिवसांत येणारच. त्या आईबापांना हा हिशेब सांत्वन देणार नाही, पण कारण शोधायचे तर लस घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी करावीच लागते. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने स्वमग्नता येते, ही भीती १९९८मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मधल्या बारा मुलांवरच्या निबंधाने पसरवली, तो निबंध २०१०मध्ये मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासून २०१९मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

गणित लशीच्या बाजूनेच बोलते असेही नाही. रोटाशील्ड ही रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८मध्ये मंजूर झाली. आधीच्या चाचण्यांत सुमारे दहा हजार बाळांना ती दिली गेली होती आणि पाच जणांच्या आतड्यात आतडे अडकले होते. आकडा इतका लहान, की त्यावरून निष्कर्ष निघेना. लाखो बाळांना डोस मिळाल्यावर तक्रार नोंदणीत तशा पंधरा घटना जमा झाल्या, जुलै १९९९मध्ये लसीकरण थांबले आणि ऑक्टोबरात लस मागे घेतली गेली. धोका दहा हजारांत एक असा निघाला. त्यानंतरच्या दोन रोटाव्हायरस लशींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर झाल्या, त्या याच धड्यामुळे. आपल्या रोटाव्हॅकची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू अशा तीन ठिकाणी ६,७९९ बाळांवर झाली. रोटाव्हायरसचे तीव्र जुलाब निम्म्याहून अधिक घटले. एवढ्या संख्येत दुर्मीळ अपाय दिसणे शक्य नव्हते, म्हणून २०१६पासून लस राष्ट्रीय कार्यक्रमात आल्यावर रुग्णालयांतून आतडे अडकण्याच्या घटनांवर पाळत ठेवली गेली. त्यात वाढीव धोका आढळला नाही.

यावर रास्त आक्षेप येतो: आपल्याकडे नोंदच होत नसेल तर ‘आढळले नाही’ याला अर्थ काय? कोव्हिशील्डचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली ही लस मूळ ॲस्ट्राझेनेकाची. २०२१च्या वसंतात युरोपात तिच्यामुळे होणारा एक दुर्मीळ आजार लक्षात आला: रक्तातल्या बिंबिकांशी निगडित प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन गुठळ्या होतात, सहसा पाचव्या ते तिसाव्या दिवसादरम्यान. ब्रिटनने आधी तिशीखालच्या आणि मग चाळिशीखालच्या लोकांना दुसरी लस देण्याचा सल्ला दिला. भारताच्या अनिष्ट घटनांवरील राष्ट्रीय समितीने मे २०२१मध्ये २६ संभाव्य घटना जाहीर केल्या. प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१. त्याच निवेदनात ब्रिटनचे प्रमाण चार आणि जर्मनीचे दहा दिले होते. या फरकात वंशाचा वाटा किती आणि न झालेल्या नोंदींचा किती, हे अशा आकड्यावरून ठरत नाही. म्हणून भारतातला धोका नगण्य होता असे छातीठोकपणे सांगणे जितके चूक, तितकेच प्रत्येक हृदयविकाराचा झटका लशीच्या माथी मारणे चूक. २ मे २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आणि नागरिक व खासगी डॉक्टर यांना अनिष्ट घटना नोंदवता येतील अशी खुली व्यवस्था करायला सांगितले. हा आदेश लसविरोधाचा विजय मानणे चुकीचे आहे. लसीकरणाला त्याने बळच मिळते.

दुसरा आक्षेप आरोग्य खात्याकडून येतो: दुष्परिणाम उघड बोलले की लोक बिथरतात आणि लसीकरण घसरते. अल्पकाळ ते घडतेही. पण लपवलेली गोष्ट मोबाइलवर चौपट होऊन परत येते आणि तेव्हा खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. ‘उद्या ताप येईल, गाठ येईल, अमुक लक्षण दिसले तर लगेच या’ असे बजावणाऱ्या आशाताईवर गाव विसंबते, कारण तिचे बोल दुसऱ्या दिवशी खरे ठरतात. आणि ज्याला खरोखर अपाय झाला, त्याने समाजाच्या भल्याची किंमत एकट्याने मोजली आहे. ब्रिटनने १९७९मध्ये आणि अमेरिकेने १९८६मध्ये अशांच्या भरपाईसाठी कायदे केले. कोर्टात कंपनीचा दोष सिद्ध करत बसावे न लागता भारतातल्या कुटुंबांनाही ती सहज मिळायला हवी.

वाचकांनी एवढे करावे: बाळाचे लसीकरण कार्ड जपून ठेवावे, त्यावर लशीचा बॅच क्रमांक लिहून घ्यावा आणि काही वावगे दिसले तर समाजमाध्यमांच्या आधी आरोग्य केंद्राला कळवून नोंद झाली की नाही हे विचारावे. डोस चुकवू नये आणि प्रश्न विचारायचेही सोडू नये.