धारवाड दक्षिणचे खासदार मोहसीन : संयुक्त मतदारसंघातील एक संसदीय कारकीर्द

लोकप्रतिनिधीच्या कारकीर्दीचा विचार करताना आपण सामान्यतः त्याने भूषविलेली पदे मोजतो. तो कोणाच्या मतांवर निवडून आला, हा प्रश्न मागे राहतो. भारतीय मुसलमानांच्या राजकीय इतिहासात मात्र हाच प्रश्न मूलभूत आहे. प्रस्तुत लेखात आपल्याच भागातील एका संसद-सदस्याच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे. हे सदस्य म्हणजे फक्रुद्दीन हुसेनसाहेब मोहसीन.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले. मुसलमान उमेदवार आणि मतदारही मुसलमानच, अशी ही पद्धत १९४६ च्या निवडणुकांपर्यंत चालली. त्या वेळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. स्वातंत्र्यानंतर घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवण्याची कल्पनाही १९४९ मध्ये सोडून दिली. राज्यघटनेच्या कलम ३२५ ने सर्वांसाठी एकच मतदारयादी ठरविली. यामुळे एक रास्त शंका निर्माण झाली : जेथे मुसलमान मतदार अल्पसंख्य आहेत, तेथे मुसलमान उमेदवार निवडून येईल काय?

या शंकेला धारवाड दक्षिण मतदारसंघाने दिलेले उत्तर लक्षणीय आहे. १९६२ मध्ये मोहसीन काँग्रेसतर्फे येथून लोकसभेवर गेले. त्यानंतर १९६७, १९७१, १९७७ आणि १९८० अशा आणखी चार निवडणुका त्यांनी जिंकल्या. शेजारच्या धारवाड उत्तरमधून १९६२ मध्येच डॉ. सरोजिनी महिषी प्रथम निवडून आल्या व त्यांनीही ती जागा सलग चार वेळा राखली. एका जिल्ह्याने एकाच वर्षी एक महिला व एक मुसलमान दिल्लीस पाठवावा आणि दोघांनाही दीर्घकाळ टिकवावे, ही साधी गोष्ट नव्हे.

मुसलमानांची मते एकगठ्ठा पडली तरी तेवढ्यावर ही जागा मिळणे शक्य नव्हते. लिंगायत, कुरुबर, दलित अशा सर्व समाजांतील मतदारांनी मोहसीन यांना मते दिली, तेव्हाच ते विजयी झाले. म्हणजेच ते एका जमातीचे नव्हे, तर संपूर्ण मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. विभक्त मतदारसंघाच्या पद्धतीत हे घडूच शकले नसते.

१९७१ च्या निवडणुकीनंतर इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात मोहसीन गृहखात्याचे उपमंत्री झाले. उपमंत्री हा मंत्री व राज्यमंत्री यांच्या खालचा दर्जा. धोरण ठरविणे त्याच्या हाती फारसे नसते. पण सभागृहात सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम बरेचसे त्याच्यावर येते. त्या वर्षांच्या संसदीय कामकाजात गृहखात्याच्या उत्तरांसमोर मोहसीन यांचे नाव वारंवार आढळते.

या कारकीर्दीचा कठीण भाग आणीबाणीचा होय. १९७५ ते १९७७ या काळात मिसा कायद्याखाली झालेल्या अटकांचा संबंध गृहखात्याशीच होता. मंत्रिपरिषदेच्या सामुदायिक जबाबदारीचे तत्त्व मानले, तर त्याचा भार उपमंत्र्यावरही येतो. उत्तर भारतातील मतदारांनी १९७७ मध्ये काँग्रेसला याची जबर शिक्षा दिली. कर्नाटकात मात्र २८ पैकी २६ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि मोहसीनही निवडून आले. तेव्हा त्यांच्या यशात वैयक्तिक लोकप्रियतेइतकाच पक्षाच्या लाटेचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे.

मोहसीन यांच्यानंतरही ही परंपरा खंडित झाली नाही. १९८४ मध्ये अझीझ सेठ, १९८९ व १९९१ मध्ये बी. एम. मुजाहिद, १९९६ व १९९९ मध्ये आय. जी. सनदी हे निवडून आले. केवळ १९९८ मध्ये लोकशक्तीचे उमेदवार विजयी झाले. म्हणजे १९६२ ते १९९९ या काळातील अकरा निवडणुकांपैकी दहा वेळा येथील खासदार मुसलमान होता. परंतु हे दहाही विजय एकाच पक्षाच्या उमेदवारीवर मिळालेले आहेत, हेही विसरता येत नाही. त्या पक्षाचा आधार ढासळताच परंपराही संपली. २००४ मध्ये येथे भारतीय जनता पक्षाचा विजय झाला. पुढे पुनर्रचनेत हा मतदारसंघच राहिला नाही व त्याचा मोठा भाग हावेरी मतदारसंघात गेला. तेथे २००९ व २०१४ मध्ये काँग्रेसने सलीम अहमद यांना उभे केले. दोन्ही वेळा ते पराभूत झाले. २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चार निवडणुकांत संपूर्ण कर्नाटकातून एकही मुसलमान लोकसभेवर गेलेला नाही.

यावरून कोणी विभक्त मतदारसंघच बरे होते असा निष्कर्ष काढील, तर तो चुकीचा ठरेल. दहा विजयांचा इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. शिवाय २०२४ मध्ये हावेरी जिल्ह्यातील शिग्गांव विधानसभा पोटनिवडणुकीत यासिर अहमद खान पठाण निवडून आले, हेही ध्यानात घ्यावे. मतदार धर्मापलीकडे पाहू शकतो. मात्र त्यासाठी पक्षांनी उमेदवारी देण्याचे धैर्य दाखविले पाहिजे, आणि उमेदवारानेही सर्व समाजांत वर्षानुवर्षे वावरून विश्वास मिळविला पाहिजे. आपल्या महाविद्यालयांतून सार्वजनिक जीवनात जाऊ पाहणाऱ्या तरुणांनी मोहसीन यांच्या कारकीर्दीतून घ्यावयाचा बोध हाच आहे.