मल्लिकबाजारात भाव कोण ठरवतं?

पन्नासएक वर्षं कोलकात्यात अशी एक गाडी होती, की तिच्या दुरुस्तीचा भाव इलिश माशाच्या भावासारखा साऱ्या गावाला ठाऊक असायचा. अ‍ॅम्बेसेडर. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डचं हे देशी रूप हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला, हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तयार होत होतं. कारखान्यामुळे तिथल्या लोकलच्या स्टेशनचं नावच हिंदमोटर पडलं. मार्क टू, थ्री, फोर, नोव्हा असे अवतार झाले, १९९०च्या दशकात इसुझूचं इंजिन आलं, पण पुढचे किंगपिन आणि मागचे पाटे यांच्याशी मिस्त्रीची ओळख पिढ्यान् पिढ्यांची राहिली. त्यातून शहरात पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. चालक रोजभाड्याने चालवणारा असो की स्वतः मालक, ब्रेकचे लायनर, क्लचप्लेट, बुश ही कामं त्याच्या वाट्याला वारंवार यायचीच. तीच गाडी, तेच बिघाड आणि तेच काम करून घेणारी हजारो माणसं. अशा बाजारात एखाद्याने दुप्पट मजुरी लावली, तर संध्याकाळपर्यंत टॅक्सीस्टँडवर त्याचा बोभाटा. कोलकात्याचे मिस्त्री इतरांपेक्षा प्रामाणिक होते, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांना लबाडी परवडत नव्हती, इतकंच.

ही सोय आता संपत आली आहे. १५ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाड्या शहरातून हटवण्याचा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने २००८मध्ये दिला. २४ मे २०१४ रोजी उत्तरपाड्याचा कारखाना थांबला आणि २०१७मध्ये अ‍ॅम्बेसेडर हे नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्युजोकडे गेलं. नवी गाडी येणार नाही आणि जुनी १५ वर्षांवर राहणार नाही. म्हणजे पिवळ्या टॅक्सीचा शेवट साध्या बेरजेने काढता येत होता. मुंबईकरांनी हे आधीच पाहिलंय. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी ऑक्टोबर २०२३अखेर मुंबईच्या टॅक्सीसेवेतून गेली. तिथली मुदत २० वर्षांची होती, एवढाच फरक.

गाड्या गेल्या त्याचं दुःख करणारे लेख पुष्कळ आले. गाड्यांबरोबर भाव माहीत असलेली माणसंही रस्त्यावरून गेली, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आज आपल्यासारख्या माणसाकडे दहा-पंधरा वर्षांची, कुठल्यातरी एका कंपनीची, कुठल्यातरी एका मॉडेलची गाडी असते. तिचा क्लच आयुष्यात एकदा-दोनदा बदलायचा. भाव कळतो तो बिल आल्यावर.

पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो, तिथला मल्लिकबाजार हा जुन्या सुट्या भागांचा बाजार. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जे चालतं, तेच इथे जास्त दाटीवाटीने. ‘चोरीला गेलेली गाडी शोधायची तर आधी मल्लिकबाजारात जा, तुकड्यातुकड्यांनी सापडेल,’ हा इथला जुना विनोद. दारांची चळत, टांगलेले सायलेन्सर, तेलकट गोणपाटावर मांडलेले अल्टरनेटर. इथे एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला मी बेअरिंग घेताना पाहिलं. त्याने ते कानाजवळ धरून बोटाने फिरवलं, खरखर ऐकली, परत ठेवलं. दुसरं फिरवलं. मग रिंगच्या कडेवरची कोरलेली अक्षरं अंगठ्याने पुसून वाचली. कंपनीचा माल असला की अक्षरं कोरीव आणि सारखी. नकली मालावर ती बहुधा पुसट छापलेली. त्याने किंमत विचारली ती सगळ्यांत शेवटी. ‘ओरिजिनल आहे का?’ असं त्याने एकदाही विचारलं नाही. विचारून उपयोग काय? त्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर बाजारात अजून कुणी दिलेलं नाही.

आपली अडचण बेअरिंगच्या पुढची आहे. बेअरिंग खराब होतं का, हेच आपल्याला कळत नाही. डार्बी आणि कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये नेमक्या याच व्यवहाराचा अभ्यास मांडला. रोग सांगणारा आणि औषध विकणारा माणूस एकच, आणि काम झाल्यावरही ते गरजेचं होतं की नाही हे गिऱ्हाइकाला कधीच समजत नाही. आवाज बंद झाला, पण तो तीनशे रुपयांच्या बुशनेही बंद झाला असता की तीन हजारांचा लोअर आर्म खरोखरच गेला होता? हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीत भेटलेले एक गलाईवाले काका, मूळ खानापूर तालुक्यातले, हेच म्हणत होते. दिवसभर दुसऱ्याच्या सोन्याचा कस काढणारा माणूस, आणि गॅरेजच्या बिलापुढे त्यांनी हात टेकले होते.

अमेरिकेत १९४१मध्ये रीडर्स डायजेस्टसाठी दोघांनी धडधाकट गाडीच्या कॉइलची एक वायर मुद्दाम सोडली आणि ४८ राज्यांतल्या ३४७ गॅरेजांत ती गाडी नेली. १२९ जणांनी वायर लगेच ओळखून बसवली. उरलेल्या २१८ जणांनी या ना त्या रीतीने जादा पैसे लावले. हे वाचून सगळे चोर आहेत असं म्हणायचा मोह होतो. मला मात्र त्या १२९ जणांचं जास्त आश्चर्य वाटतं.

आता एक बिल उघडून बघू. माझ्या २०१०च्या लहान पेट्रोल गाडीचा क्लच घसरायला लागला. अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट जवळजवळ पावणेअकरा हजारांचं, गल्लीतल्या गॅरेजचं सहा हजार दोनशे. पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची एकच: वर्कशॉपवाले लुटतात. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीवर ओळ लावली, तर वर्कशॉपच्या कागदावर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअर ऑइल आणि ‘कन्झ्युमेबल्स’ असं सगळं होतं. गल्लीच्या कागदावर फक्त दोन प्लेटा आणि मजुरी. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पैसे लागतात ते त्या उतरवण्या-चढवण्याचे. बेअरिंग हजाराच्या आसपासचं; ते आज जुनंच ठेवलं आणि सहा महिन्यांनी ओरडायला लागलं, तर तीच मजुरी पुन्हा. म्हणजे वर्कशॉपने वाढवलेली वाटणारी ओळ खरं तर शहाणपणाची होती, आणि गल्लीतला स्वस्त भाव अर्धवट कामाचा. बेअरिंग आणि गिअर ऑइल धरल्यावर गल्लीचा आकडा सात हजार आठशेवर गेला. तरीही फरक तीन हजारांचा राहिला. तो वर्कशॉपच्या जागेचा, एसी लावलेल्या प्रतीक्षाखोलीचा, करांचा आणि वॉरंटीचा. तो द्यायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मी गल्लीत गेलो. ‘कन्झ्युमेबल्स’चे साडेतीनशे कशाचे, हे मात्र मला वर्कशॉपमधल्या कुणालाच सांगता आलं नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत ग्राहकाच्या हातात एक हत्यार आहे आणि ते फुकट आहे: रिकामं खोकं. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या मालावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं नाव आणि महिना-वर्ष छापणं कायद्याने सक्तीचं आहे. त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात. तरी छापील किंमत लावून वर पुन्हा जीएसटी जोडलेली बिलं मी पाहिली आहेत. ती सरळ परत करावीत. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता, तेव्हा जुन्या किमतीचा स्टिकर दिसला तर विचारायला हरकत नाही. मजुरीवरही १८ टक्के. पण कर लावायचा तर बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा, आणि पश्चिम बंगालमध्ये त्याची सुरुवात १९ने होते. क्रमांक नाही आणि कर आहे, तर तो पैसा सरकारकडे जाणार नाही हे उघड आहे.

खोक्यावर कुणाचं नाव आहे, हेही वाचावं. गाडीची कंपनी बहुतेक भाग स्वतः बनवत नाही. दुसऱ्याकडून घेऊन आपल्या खोक्यात विकते. तोच पुरवठादार तोच भाग स्वतःच्या नावानेही बाजारात आणतो, बऱ्याचदा कमी किमतीत. जुन्या गाडीसाठी हा मधला रस्ता मला सर्वांत रास्त वाटतो. कंपन्यांना तो आवडत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो याचसाठी: सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. त्या १४ जणांत हिंदुस्थान मोटर्सही होती. कारखाना बंद होऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

काढलेला जुना भाग आपला असतो, हे विसरू नये. बॅटरी बदलताना जुनीतल्या शिशाची किंमत वजा व्हायला हवी. ज्या शहरात एक्साइडच्या नावाचा चौक आहे, तिथे तरी ही गोष्ट सांगायला लागू नये. पण गॅरेजमार्फत बॅटरी बसवली की ही वजावट बिलातून हमखास गायब होते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये तर मौल्यवान धातू असतात. तो कुणी ‘फुकटात फेकून देतो’ म्हणाला, तर ‘डिकीत ठेवा’ म्हणावं.

संगणकाचं निदान हा अलीकडचा गोंधळ. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो, मिस्त्री स्कॅनर जोडतो, एक कोड येतो आणि एक सेन्सर बदलला जातो. कोड सांगतो ते लक्षण. पी ०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. त्यामागे फाटलेली रबरी नळी असू शकते, मळलेला हवेचा सेन्सर असू शकतो किंवा गाडीतला थकलेला इंधनपंप. नळी पाच-दहा मिनिटांत तपासून होते. तपासणीचे वेगळे पैसे मागणारा मिस्त्री आपल्याला महाग वाटतो. उलट तोच परवडतो, कारण ‘तपासणी फुकट’वाल्याला आपला तास भाग विकूनच भरून काढावा लागतो. मजुरीत घासाघीस करणाऱ्यांचंही हेच होतं. दोनशे रुपये मजुरीतून कापले, की ते ऑइलच्या डब्यातून निघतात.

कोलकात्याचं पाणी हा वेगळा अध्याय. २०२५मध्ये दुर्गापूजेच्या तोंडावर, २३ सप्टेंबरला, शहरात चोवीस तासांत सुमारे २५० मिलिमीटर पाऊस झाला आणि गाड्या रस्त्यात उभ्या बुडाल्या. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारला गेला की नाही, यावर पुढचा भाव ठरतो. इंजिनने हवेऐवजी पाणी ओढलं, तर पिस्टन वर येताना पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा पूर्ण इंजिन उघडण्याचं एस्टिमेट महाग असलं तरी खरं असतं. पण गाडी चालूच केली नसेल, तर आधी स्पार्कप्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर काढायचं, ऑइल दुधाळ झालंय का बघायचं, ऑइल-फिल्टर बदलायचे. यातलं काहीच न करता ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणणाऱ्याकडून गाडी ओढून न्यावी. विमा कंपन्याही बंद गाडीला स्टार्टर मारल्याने झालेलं नुकसान बहुधा मान्य करत नाहीत. इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घेतलेलं असलं तर गोष्ट निराळी.

विचारण्याची रीत भावावर परिणाम करते, याचा एक पक्का पुरावा आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी गॅरेजांना फोन करवून जुन्या टोयोटा कॅमरीचा रेडिएटर बदलायचा भाव विचारला. काही जणांनी ‘मला काहीच कल्पना नाही’ म्हटलं, काहींनी ‘३६५ डॉलर लागतात असं ऐकलंय’, काहींनी ५१०. कल्पना नसलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त भाव सांगितला गेला. ३६५ हा बाजारभाव उच्चारताच तो फरक नाहीसा झाला. ५१० म्हणणाऱ्यांना, बाई असो की बुवा, चढाच भाव मिळाला. म्हणजे आकडा बोलावा, पण चौकशी करून. फेकलेला मोठा आकडा आपल्याच अंगावर येतो.

मग चौकशी करायची कुणाकडे? पिवळी टॅक्सी संपत आली, पण तिच्या जागी अ‍ॅपवरच्या टॅक्सी आल्या आहेत: वॅगनआर, डिझायर आणि त्यांच्या भावंडांचे ताफे. हे चालक वर्षाकाठी इतके किलोमीटर तोडतात, की ब्रेकपॅड, क्लच आणि शॉकअप त्यांना पुन्हापुन्हा बदलावेच लागतात. मी हल्ली टॅक्सीत बसलो, की हवापाण्याऐवजी शॉकअप कुठे आणि कितीला बदलले ते विचारतो. दादा लोक मोकळेपणाने सांगतात. दोघा-तिघांचा आकडा जुळला, की तो त्या कामाचा त्या महिन्यातला भाव समजावा. सनरूफवाल्या, ऑटोमॅटिक गिअरच्या, टॅक्सीत न चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांना ही सोय नाही. त्यांनी दोन लेखी एस्टिमेटं घ्यावीत आणि ओळीवर ओळ लावून बघावी.

शिवाय जुन्या गाडीच्या हिशेबात आता सरकारही आहे. खासगी मोटारीला १५ वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये. २० वर्षं उलटली की ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनुसार १०,०००. मोठं काम निघालं, की आधी हा आकडा त्यात मिळवावा आणि गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा बघावा. या दमट शहरात पत्रा आतून सडतो. लांबी भरून रंग मारला की वरून गुळगुळीत दिसतो, पण स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की आरपार जातो. तिथे क्लच सहा हजारांत झाला की अकरात, याने काही फरक पडत नाही.