उलटा रेनकोट

सकाळचे साडेआठ. मी नाना पेठेत राजगिऱ्याच्या पन्नास लाडवांची पिशवी घेऊन उभी आहे, आणि लाडू घ्यायला कुणी तयार नाही.

तुकोबांची पालखी काल निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरली, ज्ञानोबांची पलीकडे भवानी पेठेत, पालखी विठोबापाशी. आज दोन्हींचा मुक्काम. उद्या सकाळी एक लोणी काळभोरचा रस्ता धरेल, दुसरी दिवे घाटाचा. दोन विठोबांच्या मधल्या गल्ल्यांत दर दहा पावलांवर एक टेबल आहे. चहा, पोहे, केळी, शिरा, पाण्याच्या बाटल्या, गुडघ्याचं मलम. एका मांडवात पांढरे कोट घातलेली मुलं-मुली वारकऱ्यांच्या पोटऱ्या तेल लावून चोळून देत आहेत. समोर चार नाभिक रांगेत दाढ्या करतायत आणि खुर्चीतला माणूस फेस लावलेल्या तोंडानं अभंग पुटपुटतोय.

"घ्या माउली, घ्या!"

"झालं माउली, आत्ताच झालं."

आज या पेठेत टंचाई आहे ती घेणाऱ्यांची. एक गृहस्थ तर केळ्यांचा घड घेऊन टाळकऱ्यांची वाटच अडवून उभे आहेत. त्यांच्या तोंडावरचा भाव वसुलीला आलेल्या माणसाचा नाही, उसने मागायला आलेल्या माणसाचा आहे.

मी हरते आणि फुटपाथच्या कडेला बसते. शेजारी गोणपाटावर एक काका चपला शिवतायत. पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलंय : 'वारकऱ्यांची पादत्राणे मोफत'. त्यांच्यापुढे एका आजींनी एक पाय पसरलाय. नऊवारी, कपाळाला बुक्का, आणि अंगात पातळ पांढऱ्या प्लॅस्टिकचा रेनकोट, आतली बाजू बाहेर काढून. आतून एका नेत्याचा चेहरा धूसर दिसतो आणि त्याखालची 'भावी नगरसेवक' ही अक्षरं आरशातल्यासारखी उलटी.

"आजी, रेनकोट उलटा घातलाय तुम्ही."

"म्हाईत हाय की." आजी माझ्याकडं बघतही नाहीत. त्यांचं लक्ष चपलेवर. "सुलटा घातला की त्यो समद्याला दिसतो. त्याला म्या कामून पाठीवर पंढरपूरला न्यावं? येऊ दे की चालत."

पलीकडच्या मांडवातला कार्यकर्ता हे ऐकतो. पंचविशीचा असेल, कपाळावर गंध, गळ्यात ओळखपत्र. मला वाटतं आता पेटणार. तो मात्र हसत हसत चहाचे दोन कागदी कप घेऊन येतो. "आजी, आमच्या भाऊंनी खिशातले पैसे घालून वाटलेत रेनकोट."

"लई चांगलं केलं, बाबा. पाण्यात बरं पडतं. म्या कुठं नाव ठेवतेय? उलटा घातला तरी पानी लागंना."

"आणि निवडणूक पण नाही हां सध्या," कार्यकर्ता मला सांगतो. "तरी करतोय."

"नाही म्हणूनच करताय," काका तोंडातला दोरा न काढता म्हणतात.

बोलणं खोटं नाही. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. २०२५ ची ही वारी आली तरी नगरसेवक एकही नाही, इच्छुक मात्र दर खांबाला एक. फलकावर वर विठ्ठल, खाली साहेब, त्याखाली दादा आणि सगळ्यात खाली टपाल तिकिटाएवढे कार्यकर्ते. विठ्ठलाचे हात कमरेवर आहेत, बाकी सगळ्यांचे जोडलेले.

"राजकारण वारीत पहिल्यापासून आहे, काकू," कार्यकर्त्याला मुद्दा सापडतो. "माउलींच्या पालखीपुढे घोडे चालतात ते कुणाचे? अंकलीच्या शितोळे सरकारांचे. बेळगावकडून येतात. तंबू पण त्यांचाच. सरदार लोकांनी केलं तर परंपरा, आमच्या भाऊंनी केलं तर राजकारण?"

मुद्दा बिनतोड आहे. मला उत्तर सुचत नाही. काका मात्र आरीची मूठ खाली ठेवतात.

"दोन घोडे असतात ना? एकावर स्वार. दुसऱ्यावर कोण असतं?"

"कुणी नाही. तो माउलींचा."

"मग? ज्यांचे घोडे तेसुद्धा त्याच्यावर बसत नाहीत. तुमचे भाऊ मोकळा ठेवतील?"

कार्यकर्ता सगळ्यात मोठ्यानं हसतो. "नाही ठेवणार," तो कबूल करतो आणि तिथंच उकिडवा बसतो.

काका पुन्हा कामाला लागतात. चपलेचा अंगठा तळापासून उपटलाय. ते आरी वरून खुपसतात, खालून तिच्या खाचेत मेणाचा दोरा अडकवून फास वर ओढतात, दोऱ्याचं दुसरं टोक फासातून घालतात आणि दोन्ही हात फाकवून ताणतात. टाका चामड्यात रुततो, दिसेनासा होतो. पुन्हा आरी. आजी मनात टाके मोजत असाव्यात, कारण सहाव्याला म्हणतात, "आजूक दोन घाला. घाट हाय."

सरकारनं गेल्या वर्षी दिंडीमागं वीस हजार रुपये जाहीर केले, त्याचं काय झालं, मी विचारते. आजी परभणी जिल्ह्यातल्या. कापूस विकला तेव्हाच दिंडीच्या भिशीचे पैसे बाजूला ठेवलेले.

"त्याच्यावरून दोन मुक्काम भांडन झालं आमच्यात. कुनी म्हने, सरकारचं म्हंजी आपलंच, घ्या. कुनी म्हने, भिशी भरून चालतोत, फुकटचं कामून? मंग म्हाराज म्हनले, घ्या अन् ताडपत्री आना."

"आणली?"

"आनली की. ताडपत्री सरकारची, खालची झोप आपली."

फुकटचा विषय निघाला म्हणून मी काकांना विचारते, एरवी जेवता कुठं. "कष्टाची भाकर," ते म्हणतात. हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये सुरू केलेलं हे केंद्र. बाबा आढावांच्या पुढाकारातलं. ना नफा, ना धर्मादाय. हमालानं कष्टाच्या पैशानं पोटभर खावं, एवढाच हिशेब.

"पैसे देऊन खाल्लं की एक बरं असतं," काका म्हणतात. "भाजी खारट झाली तर खारट झाली म्हणता येतं. फुकटात तोंड उघडत नाही."

हे वाक्य मी मनात टिपून ठेवते. दानधर्मावरच्या जाड पुस्तकांत ते नसावं. पण आजी त्याची हवा काढतात.

"आमी फुकटातलं बी म्हनतो. काल त्या शिऱ्यावाल्याला म्हनलं, साकर लई पडली, बाबा. त्यो पाया पडला माज्या."

आता काकांनाही हसू आवरत नाही. तोंडातला दोरा गोणपाटावर पडतो.

तो शोधता शोधताच ते सहज बोलावं तसं सांगतात, की आजोबा वारीला जायचे. वाटभर वारकऱ्यांच्या चपला शिवायचे. पंढरपुरात पोचल्यावर मात्र महाद्वाराशी, चोखोबाच्या समाधीपाशी थांबायचे. पुढं जायची सोय नव्हती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा देऊळ उघडलं. "तवर आजोबांचे डोळे गेले होते. आत गेले, पण दिसलं काही नाही. पायाला हात लावून आले."

चहाचा कप कार्यकर्त्याच्या हातात तसाच राहतो. आजी माळेचा एक मणी उगाच फिरवतात.

"म्हणून आजच्या दिवशी पैसे घेत नाही होय?" मी विचारते. माझ्या आवाजात नको तेवढा ओलावा आलाय, मलाच ऐकू येतो.

"छे हो, ताई. वर्षभर गिऱ्हाईक चप्पल पायानं पुढं ढकलतं. आजच्या दिवशी पाया पडतं. पैसे कसे मागायचे?"

चप्पल झाली. आजी ती पायात घालतात, दाबून बघतात, पसंत पडते. मग वाकतात आणि काकांच्या पायाला हात लावतात. काका घाईघाईनं त्यांच्या पायाकडं वाकतात. दोघांची डोकी आपटता आपटता राहतात.

संधी साधून मी लाडवाची पिशवी पुढं करते. "एक तरी घ्या, माउली."

आजी एक घेतात, माझी कीव आल्यासारखं. मग आपल्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून बिस्किटांचे सहा पुडे काढतात आणि माझ्या मांडीवर ठेवतात.

"अहो, मला कशाला?"

"घ्या, माउली. नाई म्हनू नका, वजं झालंय. नाई म्हनलं की लोकास्नी वाईट वाटतं, म्हनून घेत आले."

त्या गर्दीत शिरतात. पाठीवरचा उलटा नेता टाळांच्या तालावर दोनदा डुलतो, मग दिसेनासा होतो. काकांपुढं पुढची चप्पल आलीय. एक लाडू मी त्यांच्या पुठ्ठ्याशी ठेवते. पिशवीत आता अठ्ठेचाळीस लाडू आणि सहा पुडे.

"काकू, आमच्या टेबलावर द्या, दहा मिनिटांत संपवतो," कार्यकर्ता म्हणतो. जरा थांबून विचारतो, "फोटो तुमचा लावू?"