रंगाच्या आधी हिशेब

ईद जवळ आली किंवा घरात शादी ठरली, की आपल्याकडे घराची दुरुस्ती निघते. मोरीच्या फरशीपासून सुरू झालेले काम स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोहोचते, खर्च अंदाजाच्या पुढे जातो आणि शेवटी "हे ठरलंच कधी होतं?" यावर मिस्त्री आणि घरमालक यांचे संबंध बिघडतात. हे सारे काम सांभाळणारी मोबाइल ॲप्स आता निघाली आहेत. ती कशी असावीत, याचा विचार आपण वापरणाऱ्यांनीही करायला हवा, असे आम्हांला वाटते.

'हाऊझ' हे अमेरिकेतील ॲप अशाच अडचणीतून जन्मले. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे आदी टाटार्को आणि अलोन कोहेन हे पती-पत्नी आपले घर दुरुस्त करत होते. मनातले घर आर्किटेक्टला दाखवायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यातून २००९ मध्ये 'हाऊझ' सुरू झाले. घरांची छायाचित्रे पाहायची, आवडलेली जपून ठेवायची आणि काम करणारे शोधायचे, अशी त्याची रचना. पुढे अंदाजपत्रक आणि बिले करण्याची सोयही त्यात आली.

चित्रांमुळे निवड सोपी होते. भांडण मात्र बहुधा मध्येच केलेल्या बदलावरून होते. "भिंतीत एक कपाटही काढा," हे आपण तोंडी सांगून मोकळे होतो. म्हणून चांगल्या ॲपमध्ये बदलाचे पान हवे: काय वाढले, किती पैसे, किती दिवस. दोघांनी होकार दिल्याशिवाय ती रक्कम हिशेबात चढू नये.

पैसे टप्प्यांना जोडलेले असावेत. नळाचे पाइप आणि विजेच्या वायरी भिंतीत बुजवण्याआधी त्यांचे फोटो निघावेत. न्हाणीघरात वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साठवून गळती तपासावी, मगच फरशी बसवावी. ही खूण झाली, की पुढचा हप्ता लगेच द्यावा. मिस्त्रीलाही मजुरीसाठी फेऱ्या माराव्या लागू नयेत.

मिस्त्रीला मराठी वाचता येईलच असे नाही, म्हणून बोलून नोंद करण्याची सोय हवी. ओट्याची उंची अम्मी किंवा भाभी यांना विचारून ठरावी. त्यांचा होकार नोंदवण्याची जागाही ॲपमध्ये असावी. आणि घरातील फोटो कोणाला दिसतील, हे घरच्यांनीच ठरवावे. कपाटे, दारांची कुलुपे, घरातल्या बायका-मुली परक्यांच्या नजरेस का पडाव्यात?

असे ॲप हाती नसेल, तर वहीत चार रकाने आखा: काम, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्या घरांना नवी नाही. सिमेंटची पहिली गोणी येण्याआधी ती वही उघडलेली असावी.